सीटचं नाक आणि सरांच्या बोटांच्या मुंग्या: ६७व्या वर्षी सायकल अंगाला बसवून घेतल्याचं एक प्रकरण

आमच्या सकाळच्या सायकल ग्रुपमधले एक सर आहेत, वय ६७, हायस्कूलला चित्रकला शिकवायचे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. नाव देत नाही, पण हे लिहायला त्यांनी हो म्हटलंय आणि मापं त्यांनीच वहीत लिहून ठेवलीत, आकृत्यांसकट. सविस्तर लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडं साठीच्या पुढच्या माणसाचे हात-मान दुखायला लागले की दोनच गोष्टी होतात, हँडल उंच करून घेतात नाहीतर सायकल विकून टाकतात. सरांचं हँडल उंच करून झालं होतं आणि सायकल विकायची बोलणी घरात सुरू झाली होती.

सायकल म्हणजे साधी हायब्रिड, रेसिंगच्या आणि डोंगरी सायकलच्या मधली, सरळ हँडल, ७०० बाय २८ चे टायर, ॲल्युमिनियमची फ्रेम. रिटायर झाल्यावर मुलानं घेऊन दिलेली. रोज सकाळी रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं जाऊन यायचं, रविवारी ग्रुपबरोबर रत्नागिरी रोडनं वाघबीळपर्यंत, अंगात असेल तर वर पन्हाळा किंवा जोतिबा. पन्हाळा कोल्हापुरातून साधारण २० किमी, पण शेवटचा चढ माणसाची परीक्षा बघतो.

तक्रार सुरू झाली ती करंगळी आणि शेजारच्या बोटापासून. अर्धा तास चालवली की दोन्ही हातांची ही दोन बोटं बधीर व्हायची, मग हात झटकायचे, परत धरायचं, परत बधीर. नंतर मान धरायला लागली, उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढून बघितला, वयाप्रमाणं मणक्यात झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा आणि त्रास होणार नाही अशी सायकल चालवा असं सांगितलं. आता त्रास होणार नाही अशी म्हणजे कशी, हे कोण सांगणार?

मग एका दुकानात नेली. त्यांनी हँडलच्या नळीवर ७ सेंमी उंचीचा रायझर, म्हणजे हँडल उंच करायचा जोडतुकडा, चढवून दिला, वर तोच जुना स्टेम, म्हणजे नळीला हँडल जोडणारा पुढं आलेला भाग. सीटवर जेलचं कव्हर, हातात जाड मोजे. पहिले दोन-चार दिवस सरांना लै बरं वाटलं, मान हलकी झाली. पण बोटांच्या मुंग्या काही गेल्या नाहीत, उलट बैठकीला त्रास सुरू झाला, पुढं नाजूक जागी टोचायला लागलं म्हणून सीटचं नाक थोडं खाली करून घेतलं, तरी टोचतंय म्हणून अजून थोडं. जोतिबाच्या चढाला पुढचं चाक हलकं होऊन हँडल इकडंतिकडं जायला लागलं. शेवटी सर ग्रुपमधनं गळाले. घरी गेलो तर म्हणाले, "अरे हँडल वर घेतलं की, अजून किती वर घेऊ? आता वयच झालं म्हणायचं."

मला ते पटलं नाही. मी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, डॉक्टर नाही, पण सायकली जोडणं-खोलणं बरीच वर्षं करतोय आणि ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या सायकली बसवून दिल्यात. ६७ला शरीर बदलतं हे खरंच आहे. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं, पाठीचा वरचा भाग थोडा पुढं वाकतो, मांडीच्या मागच्या शिरा आखडतात, कमरेतनं वाकणं कमी होतं. त्यात एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, वरची पाठ गोल झाली की डोकं आधीच पुढं झुकलेलं असतं, त्यामुळं समोरचा रस्ता बघायला हनुवटी तरुण माणसापेक्षा जास्त वर उचलावी लागते आणि नेमकी तीच हालचाल म्हाताऱ्या मानेला सगळ्यात कमी जमते. म्हणजे मान दुखण्यामागं वय आहेच. पण करंगळी बधीर होण्यामागं आधी हातावर पडणारं वजन बघायला पाहिजे. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाणारी नस तळव्याच्या बाहेरच्या कडेनं, मनगटापाशी अगदी वरवरनं जाते, तिथं हँडलचा दाब बसला की हीच दोन बोटं मरतात. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधीर होत असतील तर ती नस वेगळी, ती मनगटाच्या मधनं जाते आणि मनगट मागं मोडून धरलं की दबते. सरांचं दुखणं पहिल्या प्रकारातलं होतं, तेही फक्त सायकलवर, उतरल्यावर थोड्या वेळात जायचं. इथं एक सांगतो, मुंग्या उतरल्यावरही राहत असतील, रात्री जाग येत असेल, हातातनं वस्तू पडत असतील, चालताना तोल जात असेल तर सायकल फिटिंगच्या नादाला न लागता आधी डॉक्टरकडं जायचं, तिथं पान्याचं काम नाही.

आधी सायकलला हातच लावला नाही. सरांना रंकाळ्याच्या कडेच्या रस्त्यावर चालवायला लावलं आणि बाजूनं, मागनं मोबाईलवर व्हिडिओ काढले. हे कुणीही करू शकतं आणि निम्मं उत्तर त्यातच असतं. बाजूच्या व्हिडिओत दिसलं की कोपरं एकदम ताठ, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि दर थोड्या वेळानं सर बूड मागं सरकवतायत. सारखं मागं. म्हणजे ते सारखे पुढं घसरतायत! मागच्या व्हिडिओत कंबर डावी-उजवीकडं डुलताना दिसली, म्हणजे पाय खाली पोचवायला कंबर ओढावी लागतीय, सीट उंच आहे.

घरी येऊन सीटवर सरळ फळी ठेवून मोबाईलचं लेव्हल लावलं, नाक ६ अंश खाली. तिथंच सगळं कळलं. उतारावर बसलेला माणूस पुढं घसरणार, घसरू नये म्हणून तो हातानं हँडलला रेटून धरणार, कोपरं ताठ होणार, सगळं वजन तळव्याच्या कडेवर येणार. हँडल ७ सेंमी काय, अजून वर घेतलं असतं तरी हात रेटायचे थांबले नसते, कारण रेटा सीटकडनं येत होता. आणि नाक खाली का केलं, तर टोचत होतं म्हणून. टोचत का होतं, तर हँडल वर घेतल्यानं सर सरळ बसायला लागले, सरळ बसलं की वजन हातावरनं सीटवर येतं आणि ती सीट होती अरुंद, वाकून चालवणाऱ्यांसाठीची. आपल्या जुन्या काळ्या सायकली आठवा, २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, मागं वळलेलं हँडल, त्यावर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसायचा म्हणून तर तिची सीट रुंद आणि खाली स्प्रिंगा. ते हँडल आणि ती सीट जोडीनं आलेली होती. सरांच्या सायकलला हँडल ताठ बसणाऱ्याचं झालं आणि सीट वाकणाऱ्याची राहिली.

सीटच्या उंचीचं माप घेतलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मध्ये जाड वही उभी धरून सीटचा दाब येतो तेवढी वर दाबायची, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. सरांचं आलं ७८ सेंमी. याला ०.८८३ नं गुणायचं, क्रँकच्या मधोमधपासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथनं, सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, हा आकडा ग्रेग लेमाँड या रेसरच्या नावानं ओळखला जातो, १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा तूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. गणित ६८.९ सेंमी येतं. पण ते रेसरचं माप, शिरा आखडलेल्या माणसाला थोडं खालीच ठेवलेलं बरं. सरांची सीट होती ७१.५ वर. एवढी उंच कशी, तर सायकल घेतली तेव्हा ते जाड सोलचे पळायचे बूट घालायचे, नंतर पाय सुजायला लागले म्हणून पातळ तळाचे सँडल आले आणि सोलमधला दोन सेंमीचा फरक कुणाच्या ध्यानातच आला नाही. पाय लांब केल्यासारखा पोचवायचा तर कंबर डुलणारच, आणि डुलली की टोचणार. बूट-चप्पल बदलली की सीट परत मोजायची, हे तरुणांनीही लक्षात ठेवावं.

आता काम. सगळं एकदम बदललं की कशानं फरक पडला ते कळत नाही, म्हणून एक बदल, मग चार-पाच दिवस चालवणं, मग पुढचा. सरांची घाई चाललेली, पण मी ऐकलं नाही.

पहिलं सीट. ६८.५ वर आणली, म्हणजे ३ सेंमी खाली. सीटची नळी मागं कललेली असते त्यामुळं सीट ३ सेंमी खाली आली की जवळजवळ ९ मिमी पुढंही येते, तेवढी मागं सरकवून घेतली, नाहीतर माणूस क्रँकच्या डोक्यावर बसतो आणि वजन परत हातावर. पेडल आडवं असताना गुडघ्याच्या वाटीखालनं ओळंबा सोडून बघितला, दोरी पेडलच्या आसाच्या किंचित मागं पडली, ठीक आहे, ओळंबा हा काही नियम नाही, पण फार चुकलं असेल तर दाखवतो. पेडल खाली असताना गुडघा साधारण ३० अंश वाकलेला, २५ ते ३५ च्या मधे चालतं. नाक लेव्हलला आणलं. जेलचं कव्हर काढून टाकलं, ते सरकतं आणि मऊपणानं उलट मधल्या नाजूक भागावर दाब देतं. सीट बदलायची होती म्हणून बैठकीच्या हाडांचं माप घेतलं, स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून सरांना पाय थोडे वर घेऊन बसवलं, दोन खड्डे उमटले, मधलं अंतर १३ सेंमी. सरळ बसणाऱ्याला यापेक्षा तीन-चार सेंमी जास्त रुंदी लागते, म्हणून १६५ मिमीची, मधे खाच असलेली, फार मऊ नसलेली सीट घेतली.

एवढ्यावरच, हँडलला हात न लावता, मुंग्या निम्म्यानं कमी झाल्या. सरांना स्वतःलाच खरं वाटेना.

दुसरं हँडल, आणि इथं ग्रुपमधली मंडळी माझ्याशी भांडली, कारण मी रायझर काढायचा म्हणत होतो. हँडल खाली घ्यायचं, तेही ६७ वर्षांच्या माणसाचं? माझं म्हणणं असं होतं की म्हातारपणी उंचीइतकंच, कधी कधी जास्तच, अंतर महत्त्वाचं असतं. हात लांब ताणलेला असला की उंच हँडलनंही खांदे आवळतातच. पुढची नळी तिरकी असल्यामुळं रायझरनं हँडल साडेसहा सेंमी वर गेलं पण जवळ आलं जेमतेम सव्वादोन सेंमी. शिवाय ब्रेकच्या वायरी पुऱ्या ताणल्या गेल्या होत्या, हँडल पूर्ण वळवलं की पुढचा ब्रेक आपोआप आवळायचा. हे धोक्याचं आहे. रायझर लावून घेतलेल्या प्रत्येकानं आज सायकल उभी करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

आधीचा स्टेम १०० मिमी लांब, ६ अंशाचा. त्याजागी ७० मिमी, ३५ अंशाचा घेतला. तिरक्या नळीचा हिशोब धरून हँडल मूळ जागेपेक्षा दीड सेंमी वर आणि तब्बल ५ सेंमी जवळ आलं. आता गंमत बघा, सुरुवातीला, रायझरच्या आधी, हँडल सीटपेक्षा साडेतीन सेंमी खाली होतं. सीट ३ नं खाली आली, हँडल दीडनं वर गेलं, म्हणजे हँडल आता सीटपेक्षा १ सेंमी वर आहे, आणि तेही रायझरशिवाय. साडेचार सेंमी मिळवले त्यातले तीन सीटनं दिले! म्हणून म्हणतो, हँडल वर घ्यायच्या आधी सीट खरंच बरोबर उंचीवर आहे का बघा.

स्टेम बसवताना एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगचा खेळ काढतो. आधी तो हलका आवळायचा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवून खडखड नाही ना आणि हँडल मोकळं फिरतंय ना बघायचं, मग बाजूचे बोल्ट आवळायचे, बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, टॉर्क पाना असेल तर तेवढंच. शेवटी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघायचं, सरकता कामा नये. जुन्या सायकलचा आत जाणारा स्टेम असेल तर त्यावर कमीत कमी किती आत राहिला पाहिजे त्याची खूण असते, ती खूण बाहेर दिसेपर्यंत कधीही वर ओढायचा नाही. आणि आपल्या कोल्हापुरात लेथवर पाहिजे ती वस्तू करून मिळते, मी स्वतः त्याच धंद्यात आहे, तरी स्टेम आणि हँडलच्या बाबतीत जुगाड करू नका. नळीचा व्यास २८.६ मिमी आहे का, हँडलचा मधला भाग २५.४ मिमी आहे का ३१.८, हे मोजून त्याच मापाचा घ्या, काही शे रुपयांत मिळतो. हँडल उतारावर निसटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

छोट्या गोष्टींनी मोठा फरक पडला तो इथं. ब्रेकचे लिव्हर आडवे होते, त्यामुळं बोटं ठेवायला मनगट मागं मोडायचं, ते खाली फिरवून हाताच्या रेषेत आणले. लिव्हरला एक बारका स्क्रू असतो, त्यानं लिव्हर हँडलच्या जवळ येतो, सरांची पकड पहिल्यासारखी राहिलेली नाही, आता दोन बोटांत ब्रेक लागतो. गोल ग्रिप काढून तळव्याला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप घातल्या, त्याचा पंखा कुठल्या कोनात पाहिजे ते सरांनीच चालवत-थांबत एलन कीनं ठरवलं. हँडल ६४० मिमीचं होतं आणि सरांचे खांदे ४० सेंमी, म्हणून दोन्हीकडनं २-२ सेंमी कापलं. टोकाला छोटी शिंगं लावली, चढाला तिथं हात गेला की मनगट उभं राहतं आणि नसेवरचा दाब जागा बदलतो. कितीही चांगलं फिटिंग केलं तरी हात एकाच जागी तासभर ठेवला तर बधीर होणारच.

स्टेम आखूड झाला की हँडल चटकन वळतं. हे सरांना आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी ते दचकले. दोन दिवस मोकळ्या मैदानावर चालवली, एका हातानं, मागं बघत, मगच रस्त्यावर.

मानेचं मात्र सायकलनं पूर्ण सुटलं नाही. हँडल जवळ आल्यानं पाठ सरळ झाली, हनुवटी कमी उचलावी लागायला लागली, पण तरी मान धरायची. मग एका सकाळी समोरनं बघताना दिसलं की हेल्मेटच्या पुढच्या छज्जाखालनं रस्ता बघायला सर मान अजून वर करतायत. छज्जा क्लिपचा होता, काढून टाकला. चष्मा प्रोग्रेसिव्ह, खालचा भाग वाचायचा, त्यातनं तीन-चार मीटरवरचा खड्डा धूसर दिसतो, म्हणून खड्डा बघायला ते सगळं डोकंच खाली-वर करायचे. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावला, आपल्याकडं गाड्या उजवीकडनं पुढं जातात आणि मान वळवून मागं बघणं आता सरांना जड जातं, शिवाय मान वळवताना सायकल त्याच बाजूला ओढली जाते. पावसाळ्यानंतर आपले रस्ते काय होतात ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून टायर २८ चे काढून ३५ चे घातले, फ्रेमला जागा होती. सर ६८ किलोचे, हवा ९० पीएसआय वरनं ५५ वर आणली. फिजिओथेरपिस्टनी पाठ मागं उघडायचे आणि मांडीच्या मागच्या शिरांचे व्यायाम दिलेत, ते सर करतात, त्याचं श्रेय त्यांचं.

उतरायचंही शिकवावं लागलं. उंच सीटची सवय म्हणून सिग्नलला बसल्याबसल्या अंगठ्यावर तोल धरायचे. आता थांबताना सीटवरनं पुढं येऊन दोन्ही पाय टेकतात, आणि चढता-उतरताना सायकल आपल्याकडं झुकवून घेतात म्हणजे पाय कमी उचलावा लागतो. या वयात पडायची भीती चालवताना असते तशी उभ्या सायकलवरही असते.

सध्या असं आहे. बैठकीचा त्रास गेला. बोटांच्या मुंग्या जायला काही आठवडे लागले, नस बरी व्हायला वेळ घेतेच, आता कधीतरी लांबच्या राईडला शेवटी शेवटी थोडं जाणवतं आणि शिंगावर हात नेला की जातं. मान तासाभरानंतर जड होते, तेव्हा सर थांबून खांदे फिरवतात, चहा घेतात, निघतात. जोतिबाच्या चढाला पुढचं चाक आता जमिनीला धरून राहतं. पन्हाळा मात्र अजून झालेला नाही, कारण मागचं सगळ्यात मोठं दातचाक २८ दातांचंच आहे आणि त्या चढाला गुडघ्यावर जोर येतो. ३४ चं घालायचं ठरलंय, पण आत्ताचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातचाकावरनं दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ उचलत नाही, म्हणून डिरेलर आणि चेन दोन्ही बदलावी लागणार. सामान मागवलंय, आलं की बसवून देतो, तोवर सरांनी वाघबीळच्या पुढं जायचं नाही असं त्यांच्याच वहीत त्यांच्याकडनंच लिहून घेतलंय.